चालू स्थितीतली साउंड सिस्टीम बदलण्याची ओढ कशी आवरावी?

डोंबिवली_पूर्व (धागाकर्ता)

नमस्कार. गेली बावीस वर्षे मी घरी नियमितपणे संगीत ऐकत आलो आहे, त्यातही प्रामुख्याने ख्यालगायन. या काळात माझ्याकडे पाच अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या चार जोड्या येऊन गेल्या. त्यांपैकी बिघडली म्हणून बदललेली वस्तू एकच होती. सध्या वापरात असलेल्या सोडून बाकी सगळ्या वस्तू चालू स्थितीत विकल्या आणि विकताना खरेदीच्या जेमतेम निम्मी किंमत हाती आली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सहावा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासाठी १,१०,००० रुपये हप्त्यांवर उभे करण्याची माझी तयारी झाली होती. सगळे ठरले असतानाही मी त्या रात्री खरेदी थांबवली आणि एक वही सुरू केली. यापुढे जेव्हा जेव्हा काही नवे घ्यावेसे वाटेल, तेव्हा तारीख, वेळ, काय घ्यावेसे वाटले, आधीच्या दोन दिवसांत काय ऐकले आणि सध्याच्या यंत्रात नेमके काय खटकले, एवढे त्या वहीत लिहायचे असे ठरवले.

चौदा महिन्यांत एकतीस नोंदी झाल्या. त्या एकत्र वाचल्यावर जे दिसले ते मला अनपेक्षित होते, आणि हा धागा काढण्याचे कारणही तेच आहे. बहुतेक नोंदींत ‘काय ऐकले’ हा रकाना रिकामा होता किंवा ‘अर्धे ऐकून बंद केले’ असे लिहिलेले होते. ज्या आठवड्यात मी तीन-चार दिवस एखादा विलंबित ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला, त्या आठवड्यात एकही नोंद नव्हती. ‘काय खटकले’ या रकान्यात ‘आवाज मोकळा वाटत नाही’, ‘वाद्यांचे थर उलगडत नाहीत’ अशी वाक्ये होती. ती माझी नव्हती. त्याच संध्याकाळी वाचलेल्या किंवा पाहिलेल्या कुठल्यातरी परीक्षणातली ती वाक्ये मी जशीच्या तशी माझ्या यंत्राला लावली होती. म्हणजे ऐकण्यातून असमाधान आणि असमाधानातून खरेदी, असा जो क्रम मी इतकी वर्षे गृहीत धरला होता, तो माझ्या बाबतीत खरा नव्हता. ऐकणे कमी झाले की त्या रिकाम्या वेळात यंत्राविषयी वाचणे सुरू होई आणि वाचण्यातून असमाधान तयार होई.

एकतीसपैकी एक नोंद मात्र वेगळी होती. तीत मी लिहिले होते की काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकांच्या रेकॉर्डमध्ये तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, घुमतो आणि त्या घुमण्यात गायकाचे मंद्र सप्तक, म्हणजे खालचे स्वर, बुडते. ही तक्रार कुठेही वाचलेली नव्हती, ती माझ्या कानांची होती. त्यासाठी नवे स्पीकर घ्यावेत असे मला वाटले होते. आमचा हॉल १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. स्पीकर एका टोकाला आणि सोफा दुसऱ्या टोकाला, पाठ अगदी भिंतीला टेकलेली, अशी आमची रचना होती. एका रविवारी रंगकामासाठी सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढलेला होता. काम संपल्यावर तो तसाच असताना मी तीच रेकॉर्ड लावली, तेव्हा खर्ज जागच्या जागी आला आणि मंद्रातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आला. मी सोफा पुन्हा भिंतीला लावला, तर घुमणे परत आले. असे चार वेळा करून पाहिले. एवढ्यासाठी मी स्पीकरची जोडी बदलायला निघालो होतो.

सहाव्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्टही सांगतो. मला हवा होता तोच एका मित्राकडे होता. त्याने तो पंधरा दिवसांसाठी दिला. पहिल्या संध्याकाळी तो मला निर्विवाद चांगला वाटला: आवाज भरीव, तबला जवळ, श्वास स्पष्ट. दुसऱ्या दिवशी मी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून मोजले. एकच स्थिर स्वर वाजवताना माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून २ व्होल्ट येत होते आणि बटणाच्या त्याच खुणेवर मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून २.३ व्होल्ट. हा फरक सुमारे १.२ डेसिबलचा होतो. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. मग दोन्हींची पातळी जुळवली, मुलीला मागे बसवून तारा बदलायला सांगितल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. वीस वेळांपैकी अकरा वेळा मी बरोबर ओळखले. नाणेफेक करूनही साधारण तेवढेच जमले असते.

इतके करूनही ओढ संपलेली नाही, हे मोकळेपणाने नमूद करतो. ती कमी झाली आहे आणि ती कधी येते हे आता मला कळते. इथल्या जाणकारांनी आणि इतरांनीही आपापले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. ज्यांना या विचारात चूक दिसते त्यांनीही अवश्य लिहावे.

सोल्डर

अत्यंत प्रामाणिक लेखन. सोफ्याच्या अडीच फुटांमागे काय घडले ते सांगतो, कारण ज्यांच्याकडे असा हॉल आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

पुरुषाच्या आवाजात काळी एकचा षड्ज, म्हणजे पायाचा सा, सुमारे १३९ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) असतो. पुरुषाच्या तंबोऱ्यात जोडाच्या तारा या षड्जावर असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्या वारंवारतेवर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर या स्वराची एक पूर्ण लहर पाच मीटरला थोडी कमी भरते. तुमचा हॉल १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ही लहर जवळपास नेमकी बसते, परतणाऱ्या लहरीत मिसळते आणि खोलीत उभी राहते. अशा उभ्या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि लांबीच्या एक चतुर्थांशावर, म्हणजे भिंतीपासून चार फुटांवर, जवळजवळ शून्य होतो. तुमचे कान अडीच फूट पुढे आले तेव्हा त्या एका वारंवारतेची पातळी सुमारे पाच डेसिबलनी उतरली. चार फूट पुढे आला असता तर खर्ज नाहीसा झाल्यासारखा वाटला असता, आणि तेव्हा तुम्ही वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालच्या स्वरांचा भाग, कमी पडतो म्हणून आणखी मोठे स्पीकर शोधले असते.

या सगळ्यात अ‍ॅम्प्लिफायरचा काहीही संबंध नाही. स्पीकरचा असलाच तर फार थोडा आहे.

आता शक्तीविषयी. तुमचा सध्याचा अ‍ॅम्प्लिफायर ५० वॉटचा आणि नवा १०० वॉटचा असेल, तर कमाल पातळीत फरक पडतो तो फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती. घरगुती स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतात. तुमच्या हॉलमध्ये ख्याल ऐकताना बहुतेक वेळ एक वॉटही खर्च होत नसेल. वॉटचा आकडा पाहून चालू अ‍ॅम्प्लिफायर बदलणे मला कधीच पटलेले नाही.

स्पीकरच्या वायरविषयी इथे कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो. गिझरच्या जोडणीला इलेक्ट्रिशियन जी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतो, तिचा रोध किलोमीटरला आठ ओहमपेक्षा थोडा कमी असतो. पाच मीटर जाणे आणि पाच मीटर येणे धरले तर तो ०.०८ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा नगण्य आहे. तीच वायर आणावी, टोके नीट घासून कसून बसवावीत आणि विषय संपवावा.

पहिली_तारीख

काका, मी पुण्यात पीजीमध्ये राहतो. स्पीकर लावायला जागा नाही, त्यामुळे माझे सगळे ऐकणे इअरफोनवर होते. नोकरी लागून दोन वर्षे झाली. तुमचा धागा वाचल्यावर मी ऑर्डरचा इतिहास उघडून बेरीज केली. प्रत्येक वेळी रक्कम किरकोळ वाटत होती, परंतु एकूण ४३,००० रुपये झाले आहेत आणि नऊ इअरफोनपैकी मी वापरतो एकच. हप्ता नसतो, कुणाला विचारावे लागत नाही, वस्तू परवा दारात येते, त्यामुळे तुमच्यासारखा थांबण्याचा एखादा क्षण मला कधी मिळालाच नाही.

एक तांत्रिक प्रश्न आहे. आता मला वेगळा डॅक (डिजिटल फाइलमधून आवाजाचा संकेत तयार करणारे यंत्र) आणि सीडीपेक्षा वरच्या दर्जात गाणी पुरवणाऱ्या हाय-रेझोल्यूशन सेवेचे सदस्यत्व घ्यावेसे वाटते आहे. सीडीच्या दर्जापेक्षा वरचा फरक खरोखर ऐकू येतो का?

सोल्डर

पहिली_तारीख, प्रश्न सरळ आहे म्हणून उत्तरही सरळ देतो. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हापासून तिच्यात सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट ही रचना आहे. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा आवाज तीत पूर्णपणे साठवता येतो, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंत. माणसाचा निरोगी तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. १६ बिटांमुळे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मिळते. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खोलीत समजा तेवढाच आवाज आहे, तर ९६ डेसिबलचा पूर्ण पल्ला वापरण्यासाठी तुम्हाला १४१ डेसिबलपर्यंत जावे लागेल. ती पातळी कानाला इजा करणारी आहे. उन्हाळ्यात पंखा चालू असताना काय होत असेल, याचा विचार करावा.

२००७ साली मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून नेऊन ऐकवला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळपास निम्मी. त्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे की त्या उच्च दर्जाच्या डिस्क अनेकदा ऐकायला खरोखर चांगल्या होत्या, पण त्याचे श्रेय त्यांच्या ध्वनिमुद्रणातल्या आणि मिश्रणातल्या काळजीला जाते. या चाचणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले आहेत. तरीही तुमच्या प्रश्नापुरते माझे मत असे आहे की पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या ध्वनिमुद्रणांवर खर्चावेत.

मारवा

धागाकर्त्यांच्या निरीक्षणाबद्दल आदर आहे, परंतु मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, कारण अशा चर्चेत न घेणे हाच एक मोठेपणा होऊन बसतो.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना संगीत नाटकांची पदे अतिशय प्रिय आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती ऐकणे हळूहळू बंद केले. आम्हाला वाटले की वयामुळे रस कमी झाला. प्रत्यक्षात टीव्हीच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक स्पीकरमधून त्यांना शब्दच कळत नव्हते. सूर ऐकू येत होता, व्यंजने हरवत होती, आणि हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. मी एक मध्यम किमतीची, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची जोडी आणली, ती त्यांच्या खुर्चीपासून चार फुटांवर कानाच्या उंचीला ठेवली, आणि त्याच महिन्यात त्यांना कानांच्या डॉक्टरांकडेही नेले. आता ते दुपारी दोन तास ऐकतात. त्या वेळी मी ‘ओढ आवरली’ असती, तर एका माणसाचे ऐकणे कायमचे गेले असते.

शिवाय टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली केलेला प्रयोग इथे सांगायला हवा. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना लोकांनी दिलेले गुण वस्तूच्या रूपाकडे आणि लौकिकाकडे झुकले, हे सर्वजण सांगतात. पण पडद्याआडही स्पीकरमधले फरक लोकांना ऐकू आले, आणि ते कुठे ठेवले आहेत याचाही परिणाम ऐकू आला, हे कुणी सांगत नाही. दोन स्पीकर वेगळे वाजतात ही कल्पना नाही, वस्तुस्थिती आहे. म्हणून माझा प्रश्न असा आहे की खरी गरज आणि ओढ यांत फरक कसा करायचा?

डोंबिवली_पूर्व (धागाकर्ता)

मारवा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. वडिलांचे ऐकणे परत मिळाले हे वाचून फार बरे वाटले. तुमच्या उदाहरणात आणि माझ्या तीस नोंदींत एक मोठा फरक आहे. तुमच्याकडे कोणत्या ध्वनिमुद्रणात, कोणाला, काय ऐकू येत नाही हे एका वाक्यात सांगता येत होते. माझ्याकडे ते येत नव्हते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी सध्या जे पाळतो ते लिहितो. तक्रार माझ्या शब्दांत आणि एखाद्या विशिष्ट रेकॉर्डच्या विशिष्ट जागेचा उल्लेख करून लिहिता आली पाहिजे. मग स्पीकर, सोफा, पडदे आणि सतरंजी जागेवरून हलवून, एकेक बदल आठवडाभर तसाच ठेवून, ती टिकते का ते पाहायचे. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या कुणाला, आधी काहीही न सांगता, ती जागा ऐकवायची. तिन्ही पायऱ्यांवर तक्रार उरली तर खरेदीला माझा विरोध नाही. खर्जाची तक्रार पहिल्या पायरीवर टिकली आणि दुसऱ्या पायरीवर सुटली. बाकीच्या तीस पहिल्याच पायरीवर गळाल्या.

स्पीकरमधले फरक खरे असतात हे तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. माझ्या चार जोड्या एकमेकींहून वेगळ्या होत्याच. फक्त प्रत्येक वेळी दीड-दोन महिन्यांत त्या वेगळेपणाची सवय झाली आणि मी पुन्हा पहिल्या जागी आलो.

मिरजेचा_श्रोता

आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे, त्यामुळे हे सांगावेसे वाटते. लहानपणी घरचा तंबोरा बोलेनासा झाला, आवाज बसका झाला, की आजोबा तो गल्लीत घेऊन जात. नवा तंबोरा घ्यावा असे कुणाच्याही मनात येत नसे. तारांच्या घर्षणाने घोडीच्या माथ्यावर चरे पडलेले असत. कारागीर तो माथा अलगद घासून पुन्हा जवारी लावून देत, तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधत, आणि तोच तंबोरा पुन्हा भरून बोलू लागे. काम झाल्यावर आजोबा तिथेच बसून दहा मिनिटे नुसता तंबोरा छेडत आणि ऐकत. त्या दहा मिनिटांचे मोल मला आता कळते.

साउंड सिस्टीमलाही अशीच जवारी लागते. आवाजाचे बटण फिरवताना करकर होत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बहुधा पुरतो. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवती फोमची कडा असेल, तर आपल्या दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होऊन फाटते आणि खालचे स्वर फाटके वाजतात. ती कडा बदलून मिळते आणि स्पीकर पुन्हा उभा राहतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. रेकॉर्ड प्लेयरची सुई पाचशे ते हजार तासांनी बदलावी लागते, नाहीतर आवाज तर बिघडतोच, रेकॉर्डच्या खाचाही कायमच्या खराब होतात. ही दुरुस्ती आहे, आणि तिच्यावर खर्च करताना मला कधीही अपराधी वाटले नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मी ज्यांना सर्वांत जास्त ऐकतो ते अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचे गाणे ७८ फेऱ्यांच्या, बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. १९२५ च्या सुमाराला विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, त्याआधी गायकाला भोंग्यासमोर बसून गावे लागे आणि वरचे व खालचे बहुतेक स्वरांश त्यात उतरतच नसत. विजेचा मायक्रोफोन आल्यावरही त्या तबकड्यांवर आजच्या मानाने फारच थोडा पल्ला आहे. जे मुद्रणात नाही ते कितीही महागडा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा स्पीकर, देऊ शकत नाही. उलट उत्तम ट्वीटरमधून त्या तबकड्यांची खरखर तेवढी स्पष्ट ऐकू येते. माझ्याकडचे स्पीकर जुने आहेत, वरच्या स्वरांत थोडे मंद आहेत, आणि या गाण्यासाठी ते मला अगदी योग्य वाटतात. करीम खाँसाहेबांचा तो टोकदार, करुण षड्ज त्यातून जसा येतो तसाच मला हवा आहे.

रविवार_सकाळ

मी स्वतः यंत्रांविषयी फारसे जाणत नाही, परंतु आमच्या घरी हा विषय वीस वर्षे आहे, म्हणून लिहिते. यजमानांना ऐकण्याची आवड आहे आणि ती मलाही आवडते. त्रास नव्या वस्तूचा होत नाही, तर ती येण्याआधीच्या दोन महिन्यांचा होतो. त्या काळात ते गाणे लावतात पण ऐकत नाहीत. मध्येच उठतात, स्पीकरजवळ कान नेतात, तोच तुकडा पुन्हा लावतात, बंद करतात. आम्ही दोघे जे एकत्र ऐकायचो ते त्या काळात थांबते. धागाकर्त्यांनी लिहिलेले ‘अर्धे ऐकून बंद केले’ हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण वही त्यांनीही आणली आहे.

मला विचारायचे आहे ते खोलीबद्दल. आमचा हॉल १२ फूट बाय १२ फूट, फरशी टाइल्सची, भिंती मोकळ्या, एका बाजूला सरकत्या काचा. टाळी वाजवली तर खणखण ऐकू येते. काय करता येईल?

सोल्डर

ताई, ही खणखण म्हणजे निनाद. तिच्यावर सर्वांत जुना उपाय गाद्यांचाच आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेले कळत नव्हते, म्हणून वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला त्याचे कारण शोधायला सांगितले गेले. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. सबाइन आणि त्यांचे मदतनीस रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणत, एकेक वाढवत, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजत आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवत. त्यातून त्यांना निनादाचा नियम सापडला, आणि १९०० साली उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलच्या रचनेत तो वापरला गेला.

तुमच्यासाठी यातला उपयोगी भाग असा. काचेवर चुण्या पडतील इतका रुंद, जाड कापडाचा पडदा लावा. स्पीकर आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. मोकळ्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट द्या, पुस्तके कमी-जास्त खोलीवर ठेवलेली असली तर उत्तमच. आधी प्रयोग म्हणून घरातल्या कापसाच्या दोन गाद्या भिंतीला उभ्या करून ऐका आणि फरक पटला तरच खर्च करा. चौरस खोलीत एक अडचण आहे. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर दोन्ही दिशांनी एकदमच उभा राहतो. तो पडदे-गालिच्यांनी जात नाही, म्हणून बसण्याची जागा भिंतीपासून सोडवावी आणि बरोबर मध्यावरही नसावी. रूम ईक्यू विझार्ड नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, साध्या मापन मायक्रोफोनने खोलीतला प्रत्येक स्वर मोजता येतो. पण पहिल्या आठवड्यात ते नको. आधी कानांनी ऐका.

पहिली_तारीख

सर्वांचे आभार. डॅक मी घेतला नाही. सोल्डर काकांनी लिहिलेले वाचून मी एका सहकाऱ्याच्या मदतीने इअरफोन माझ्या फोनला जोडणारा साधा अडॅप्टर आणि त्याचा १४,००० रुपयांचा डॅक यांची पातळी जुळवून तुलना केली. दहापैकी सहा वेळा बरोबर आले. मला वाईट वाटेल असे वाटले होते, प्रत्यक्षात हलके वाटले. सात इअरफोन विकायला काढले आहेत. एक आईला दिला, तिच्या प्रवासासाठी.

मिरजेच्या काकांनी लिहिलेल्या खाँसाहेबांच्या तबकड्या मी काल पहिल्यांदा ऐकल्या. सुरुवातीला खरखर फार त्रासदायक वाटली. तिसऱ्या वेळी ती ऐकू येईनाशी झाली. कान असे बदलतात हे मला माहीत नव्हते.

डोंबिवली_पूर्व (धागाकर्ता)

पहिली_तारीख, तीन मिनिटांत राग कसा मांडला आहे ते चौथ्या वेळी ऐका. तिथे घाई नाही, फक्त काहीही सुटलेले नाही.

मित्राचा अ‍ॅम्प्लिफायर परत केला. त्याला चाचणीचा निकाल सांगितला, तर त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढच्या शनिवारी स्वतः येऊन तीच चाचणी देण्याची तयारी दाखवली. जे होईल ते इथे लिहीन. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचे बटण या महिन्यात करकरू लागले होते, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. वहीत गेल्या पाच आठवड्यांत एक नोंद आहे. त्या आठवड्यात ऑफिसचे काम घरी आले होते आणि मी एकदाही काही पूर्ण ऐकले नव्हते.

रविवार_सकाळ

कळवायला उशीर झाला. दोन गाद्या उभ्या करून पाहिल्या आणि फरक इतका स्पष्ट होता की तो मलाही सांगावा लागला नाही. जाड पडदा शिवायला टाकला आहे. बसण्याची जागा मात्र कायमची पुढे आणणे आमच्या हॉलमध्ये शक्य नाही, कारण मागे ये-जा करायला वाट राहत नाही. म्हणून भिंतीपासून साडेतीन फुटांवर फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघे सोफा उचलून खुणेवर आणतो, एक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, आणि जेवणाआधी तो परत भिंतीला लावतो.